माप

ऑक्टोबर लागला की लुडविक नाणं खुपसतो
टायरच्या खाचेत, उभं.
एक डोळा मिटतो, मग ते नाणं मला दाखवतो
डॉक्टरनं थर्मामीटर दाखवावा तसं.
"यंदा भागायचं नाही, मिलॉयका."

चार हिवाळी टायर म्हणजे सहाशे पाव.
माझा हिशेब सगळा पावातच.
साखळ्यांना एकही पाव पडत नाही,
त्या आहेतच, बाबांच्या,
सीटखाली बटाट्याच्या पोत्यात,
गंज आणि ग्रीस एकमेकांना सांभाळून घेत.

बाबा म्हणायचे, बर्फ काय रोज पडतो?
पडेल तेव्हा उतरावं, बांधावं, खिंड चढावी,
पलीकडे सोडून टाकावं.
संकटाला त्याच्या वेळेला भेटावं,
आधीपासून त्याचे जोडे घालून हिंडू नये.

आणि ते उतरायचे.
बर्फात गुडघे टेकायचे, मी बॅटरी धरायची,
नऊ वर्षांची, नाक वाहत असलेली.
आतली कडी आधी, बाहेरची नंतर,
प्रत्येक कडीला एक शिवी, ठरलेली.
मग दहा-वीस पावलं गाडी पुढे घ्यायची,
थांबायचं, पुन्हा आवळायचं.
पहिल्या आवळण्यावर विश्वास ठेवू नये,
ती नुसती ओळख असते.
मग सगळा डोंगर खडखडायचा,
चमच्यांचा खण चढावर पळत सुटल्यासारखा,
आणि वरच्या वाडीत दारं उघडायची: पाव आला.

लुडविक म्हणतो, साखळी आठवते बर्फ दिसल्यावर.
न दिसणाऱ्याचं काय?
पारा सातच्या खाली गेला
की उन्हाळी रबराचा दगड होतो, नुसत्या थंडीनं,
रस्ता कोरडा दिसत असला तरी.
"आणि तुझा बाप—"
इथे त्याला एकदम पाना सापडेना.

त्या सकाळी पुलावर बर्फ नव्हता.
बांधावं असं काहीच नव्हतं.
पोतं सीटखाली तसंच होतं, तोंड बांधलेलं.

मी टायर घेतले. हप्त्यानं.
उन्हाळ्याचे चार तळघरात रचले, खडूनं लिहून:
पुढचा डावा, मागचा उजवा.
गाडी आता इतकी मुकाट चढते
की झोफका दारात उभी राहून चिडते,
"चोरासारखी येतेस! कॉफी ठेवायला तरी वेळ दे."

फेब्रुवारीत एका रात्रीत मांडीएवढा पडला.
बाविसाव्या वळणावर टायर जागच्या जागी फिरले,
बर्फ घासून घासून काच केली त्यांनी.
मी पोतं ओढलं. गुडघे टेकले.
आतली कडी आधी.
बाहेरची पोचेना.
पुन्हा ओढलं, दातांनी हातमोजा काढून.
दोन बोटं कमी.
नवी गाडी, मोठं चाक;
बाबांची साखळी बाबांच्या चाकाच्या मापाची.
मी तिथेच बसून राहिले थोडा वेळ,
मागे तीनशे पाव निवत होते.
मग उलट्या गिअरमध्ये, आरशात बघत,
बावीस वळणं खाली.

लुडविक हसला नाही, एवढं बरं केलं.
"टायर घे म्हटलं होतं मी.
साखळ्या नको असं कधी म्हटलं?"
आणखी चाळीस पाव.

"बर्फात पहिल्यांदा बांधू नकोस," तो म्हणाला,
"अंगणात बांधून बघ, कोरड्यात."
म्हणून रविवारी, लख्ख उन्हात,
पोरानं विनाकारण बॅटरी धरलेली,
मी नव्या, चकचकीत, माझ्या मापाच्या साखळ्या अंथरल्या.
हात चुकले. दोनदा उलटी लागली.
शिव्या मात्र आपसूक आल्या,
त्याच, त्याच क्रमानं,
आणि पोरगा ओठ हलवत
पाठ करू लागला.