रंग खावा लागतो

वडगावात आमच्या परसात रंगाचे तीन हौद होते.
बाबा सूत बुडवायचे: डाळिंबी, मोरपंखी, हळदी.
माग थांबले तेव्हा आम्ही हौद घासून घासून धुतले,
तरी तळाला एक निळसर कड राहिलीच.
मग पाणी भरलं. मासे सोडले.

शंभर गोल्डफिश, रात्रीच्या गाडीनं आलेले,
पिशवीत फुगवलेल्या हवेसकट.
दोन महिन्यांत विटले,
बोहारणीनंही नाकारलेल्या लुगड्यासारखे.
खडेबाजारचा शिवलिंगप्पा हौदात वाकून म्हणाला,
"बण्णा इल्ला री,"
आणि निम्म्या भावानं मागितले.
बाबांना कानडीही कळलं, भावही.
चाळीस वर्षं रंग चढवलेल्या माणसाला
रंग नाही असं कुणी म्हणालं नव्हतं.

मत्स्य खात्यातल्या हुक्केरी बाई म्हणाल्या,
"काका, माशाला हा रंग अंगात करता येत नाही.
खावा लागतो."
"खावा लागतो?" बाबा हसले. "आम्ही तर उकळत होतो."

त्यांनी बाटलीभर हिरवं पाणी दिलं.
शेवाळ, पण दगडावरचं नव्हे,
भिंगाखाली एकेक ठिपका पोहणारं.
गच्चीवर लोणच्याच्या बरण्या मांडल्या,
हवेची नळी, चिमूटभर खत, गोणपाटाची सावली.
आई म्हणाली, "खुळ लागलंय काय?
लोक शेवाळ खरवडून टाकतात, तुमी पोसूलासा!"

चैत्रात बाबांचा मोतीबिंदू काढला.
दहा दिवस गच्चीवर कुणीच गेलं नाही.
गोणपाट उडून शेजारच्या कौलांवर पडलेलं,
आणि एका बरणीतलं हिरवं
तांबडं होऊन तळाला बसलेलं, विटेच्या चुऱ्यासारखं.
मी ओतून देणार होते.
बाबांनी काळा चष्मा कपाळावर सरकवला,
बरणी उन्हात धरली.
"थांब गे. मेलं नाही हे. भ्यालंय.
खायला नाही, वर ऊन, म्हणून तांबडं पांघरलंय."

वाळवलं. वस्त्रगाळ केलं.
कणकेत मळून शेवयांच्या साच्यातून पाडलं
(आईनं तो साचा नंतर परत घेतला नाही).
सहा आठवडे.
आधी कल्ल्यांपाशी, मग पोटाखालून,
मग एका सकाळी पाठीवर.
पावसाळ्यात पांढऱ्या ठिपक्यांनी मरायचे,
ते यंदा कमी मेले. थोडेच कमी.

शिवलिंगप्पा यायच्या आदल्या दिवशी
बाबांनी मला हळूच विचारलं,
"खरंच चढलाय, की माझा डोळाच नवा आहे?"

मला काय सांगावं सुचेना.
तेच ट्रंकेतून जुन्या नमुन्यांची वही घेऊन आले,
पानापानाला टाचलेल्या सुताच्या लडी.
डाळिंबीची सोडवली,
दोन बोटांत धरून पाण्याजवळ नेली,
एक डोळा मिटून, मग दुसरा.

सगळ्यात तांबडा होता तो वर आला,
सूत तोंडात घेतलं,
चघळलं,
थुंकलं.