नखरे

जयवंता, तू पोह्यांवरची कोथिंबीर
एकेक पान वेचून ताटाच्या कडेला लावायचास
आणि आई उलथनं उगारायची. "नखरे!"
"साबण लागतो," म्हणायचास.
एकदा तिनं साबणाची वडीच
तुझ्या जिभेला टेकवली. हा बघ, साबण.
तू म्हणालास, "हो, हाच."

परळच्या लॅबमध्ये मला ते दिसलं,
स्क्रीनवर, अकराव्या गुणसूत्रावर,
तुझं नाही, कुणा भलत्याच माणसाचं:
एक जनुक. धड नाव नाही, नुसता नंबर.
त्याचं प्रथिन पेशीच्या पटलातून
सात वेळा आत-बाहेर जातं,
आई साड्यांना फॉल लावायची तसं,
सुलट बाजूला टाका दिसू न देता.
अशी शेकडो, नाकाच्या छताला,
प्रत्येकाचं कुलूप निराळं.
तुझं एखाद्या अक्षरानं निराळं असेल.
असेल. याहून जास्त मी लिहून देणार नाही.

आईला हे सांगायचं राहूनच गेलं.
त्या तापानंतर तिला वासच येत नाही.
गॅस, फिनेल, करपलेलं दूध, काहीच नाही.
तरी परवा भोईवाड्याच्या बाजारात
सवयीनं जुडी नाकाशी धरली,
वीसची दहाला मागितली,
मग तुझ्यापुढे केली:
"बघ रे, येतोय का?"

पन्नाशीचा तू, टक्कल पडलेला,
तोंड वाकडं केलंस. "साबण."

"ताजी आहे," ती भाजीवालीला म्हणाली.
"दोन दे."