साईड

डावं-उजवं मला नंतर कळलं, साईड आधी.
बाराव्या वर्षी भरमाण्णा मामाच्या टेम्पोवर क्लीनर लागलो
तेव्हा डावी साईड माझी.
खिडकीतून अर्धा बाहेर, पत्र्यावर तळहात.
एक थाप : थांब.
दोन थापा : जाऊ दे.

रात्री बेळगावच्या यार्डातून फ्लॉवर, मिरची, रताळी भरायची,
जांबोटी, कणकुंबी, मग चोर्ल्याचा घाट,
आतून काच पुसत पुसत.
समोरून खडीचा ट्रक आला की मामा म्हणायचा, साईड दे त्याला, भरलेला हाय.
मागून लक्झरी आली की, अजिबात साईड नाही,
घाई होती तर काल यायचं होतं.

कॅसेट संपली, साईड बदल.
चहाची टपरी आली, साईडला घे.
साखळीच्या शेठच्या चार गुळाच्या ढेपा
मालकाला न सांगता सीटखाली, ते साईडचं.
मामाच्या लग्नात म्हणे पंगती दोन होत्या,
मुलाच्या साईडची नंदगडची,
मुलीच्या साईडची गोकाकची, सगळी कन्नड,
वाढपी मात्र एकच,
तो गरम आमटीची बादली घेऊन
दोघांनाही कळेल असं ओरडत पळत होता,
साईड, साईड!

आमच्याकडं घराच्या जागेला साईट म्हणतात, तीस बाय चाळीस.
मामा तिलाही साईडच म्हणायचा.
पिरनवाडीत एक साईड घेतलोय, असं सांगायचा
आणि ऐकणाऱ्याला वाटायचं, यानं पार्टी बदलली.

नाक्यावर विचारणारे विचारायचेच.
कधी या रंगाचा रुमाल, कधी त्या.
कुठल्या साईडचा रे तू?
मामा इंजिन बंद न करता म्हणायचा,
डिझेल जिकडं स्वस्त, त्या साईडचा.
एकदा त्यावर कुणी हसलं नाही.
आरसा फुटला, उजव्या साईडचा.
नवा मिळेपर्यंत महिनाभर मीच आरसा,
मान वळवून ओरडायचो, एडक मामा, बलक मामा, आता सरळ.
कन्नडात उजव्याला बल म्हणतात.
बळालाही बलच.

गेल्या मार्गशीर्षात, अंघोळीच्या दगडावर बसल्या बसल्या
मामाची उजवी साईड गेली.
असंच म्हणतात, गेली,
जशी काही फाट्यावर उतरून
पिशवी घेऊन चालत गेली.
डॉक्टर मराठीत विचारत होते,
निलव्वा मामी कन्नडात रडत होती,
मी खाटेच्या डावीकडं उभा, सवयीनं.
बोलणं येईल परत, म्हणाले.
आलं.
दोन भाषांचा सगळा माल उतरवून
गाडीत राहिला तो एक शब्द,
इंग्रजी,
ज्याचं एक अक्षरही मामाला वाचता येत नव्हतं.

पिरनवाडीची साईड विकली.
गोळ्यांचे साईड इफेक्ट, ते वेगळे.

आता पाणी पाहिजे, साईड.
कूस वळवायची, साईड.
पंखा नको, उशी वर घे,
ती लंगडी कोंबडी आत आलीय तिला हाकल,
साईड, साईड, साईड.
मी आवाजावरून शिकतोय.
लांब ओढला तर भूक बहुतेक.
तुटक असला तर राग, पण कशाचा ते कळत नाही.
मामी चुकत नाही.
ती कन्नडात उत्तर देते, मामा मराठीत डोळे मिटतो.

काल दिवेलागणीला गल्लीतून कुणाचा तरी टेम्पो गेला,
लोड असावा, दुसऱ्या गियरवर कण्हत होता.
मामानं मान उचलली.
साईड, म्हणाला, इतक्या हळू
की मला वाटलं, निघाला हा, वाट मागतोय.
मी खाटेच्या लोखंडावर थाप मारली.
एकच.
हात तसाच ठेवला, दुसरी पडू दिली नाही.

आतून मामी ओरडली,
भांडं मागालेत रे ते, लघवीचं,
थापा कसल्या मारतोस?