बावीस फेरे

नखावरची शाई अजून कापून संपली नव्हती,
तेवढ्यात आमच्या माणसानं पक्ष बदलला.
मला चेंबरमध्ये कळलं,
कमरेएवढ्या चिखलात असताना.
वरून अजीम ओरडला, "माणिकभाऊ, गेला की आपलाबी!"
मी म्हणालो, पाना दे. मोठा.

सेलूत पाणी आठव्या दिवशी येतं.
येतं म्हणजे मी सोडतो.
दुधनेवरून टाकीत, टाकीतून माझ्या हातात,
तिथून सतरा गल्ल्यांत.
वॉल्व्ह उघडायला बावीस फेरे, बंद करायला बावीस.
काझी मोहल्ल्याला पाऊण तास, भीमनगरला पाऊण तास,
सराफ्याला पाऊण तास.
सराफ्यातून फोन येतो,
"दहा मिनिटं वाढव की जरा, भाऊंचं घर आहे."
मी वाढवत नाही.
ह्यात शौर्य काही नाही.
एकदा वाढवलं होतं,
तर शेवटच्या टोकाला कौसाबाईची घागर अर्धीच राहिली
अन् तिनं शिव्या दिल्या नाहीत.
नुसती घागर हलवून दाखवली.
ते डचमळणं अजून जात नाही कानातून.

कान मला रहेमतचाचांनी दिला.
चावीची दांडी पाइपावर,
दुसरं टोक कानामागच्या हाडाला,
डोळे मिटायचे.
"फुटलेली लाइन रडत नसते बेटा, कुजबुजते."
चाचा रिटायर झाले तेव्हा पालिकेनं हार घातला
आणि फंडासाठी तीन वर्षं फिरवलं.
चावी त्यांनी माझ्या हातात दिली.
ती कुठल्याच रजिस्टरला नाही.

परवा विजयाची मिरवणूक होती.
कुणाचा विजय ते विचारू नका, मीही विचारलं नाही.
डीजेनं रस्ता हादरत होता
आणि शाळेमागं लाइन फुटलेली.
दांडी कानाला लावली
तर पाइपातूनही तेच गाणं.
मग बसून राहिलो.
गुडघ्याखाली मागच्या निवडणुकीचा फ्लेक्स होता,
जोडलेले हात वरच्या बाजूला.
जाड असतो, खडे टोचत नाहीत.
पाच वर्षांत त्यांचा एवढा तरी उपयोग झाला,
खोटं कशाला बोलू.

गुलालानं माखलेलं एक पोरगं डुलत आलं.
"तू कोणाचा माणूस?"
सगळेच विचारतात हे हल्ली,
बँकेत, दवाखान्यात, मयतीलासुद्धा.
कंत्राटदारानंही विचारलं होतं,
थकलेल्या पगाराचा चौथा महिना होता तेव्हा.
त्याला काही सांगता आलं नव्हतं मला.
पोराला म्हणालो,
साडेतीनच्या पाळीचा.
त्याला वाटलं, नवीन पक्ष.

तीनला गाव निजलं.
मग ऐकू आली कुजबुज,
शाळेच्या भिंतीपासून चार हातांवर.
अजीमनं बॅटरी धरली,
मी टायरच्या ट्यूबचं वायसर कापलं.
स्टोअरला वायसर नाहीत. मागणी दिलेली आहे.
मार्चपासून दिलेली आहे.

पंधरा ऑगस्टला मला झेंड्यापाशी जाता येत नाही,
नेमकं कोष्टी गल्लीचं पाणी असतं.
राष्ट्रगीत चेंबरमध्ये ऐकू येतं,
वरून, अजीमच्या पायांमधून.
मी उभाच असतो.
हात मात्र थांबवता येत नाहीत,
अकरा, बारा,
तेरा.

नळाला आधी वारा येतो.
फसफस, खाकरणं, माइक हातात आल्यागत.
लोक भांडं धरून शिव्या घालतात,
सरकारला, पालिकेला, मला.
घालू द्या. मीही घालतो,
एका फेऱ्याला एक.
कधीकधी
शिव्या संपतात, फेरे उरतात.

मग तांबडं पाणी.
मग बराच वेळ काही नाही.
मग पार टोकाला कौसाबाई घागर उचलत असेल.
भरल्या घागरीचा आवाज येत नसतो,
एवढ्या लांबून तर नाहीच.
तरी मी दांडी कानाला लावतो.