कडेवर

डार्लिंग्टनच्या शनिवारच्या बाजारात,
बटणांच्या डब्यात, तुटक्या चष्म्यांखाली
ते मला मिळालं. विकणाऱ्याला ते जुनं नाणं वाटलं होतं.
चौदा पौंड म्हणाला. मी बारा दिले
आणि घाई दाखवली नाही.

चांदी मी कधी घासत नाही.
काळेपणा हाच तिचा जन्मदाखला.
फक्त कड भिंगाखाली धरतो, दिव्याला तिरकी,
तापलेल्या पोराची जीभ बघावी तशी,
आणि हळूहळू फिरवतो:
आकडा. हुद्दा. एल. थर्लवेल. डरहॅम लाइट इन्फन्ट्री.

पुढे राजाचं डोकं.
मागे, रणांगणावरील शौर्यासाठी.
कोणतं शौर्य, ते कोरायला जागा नसते.

बत्तीस वर्षं मी बस चालवली.
आता मेलेल्यांचे थांबे पाठ करतो,
कुठे चढला, कुठे जखमी, कुठे उतरला.
थर्लवेलची फाईल जळालेली.
चाळीस साली लंडनवर बाँब पडले, त्या गोदामात
दहांतल्या सहा शिपायांचे कागद गेले.
बाकीच्यांच्या कडा करपल्या.
हा करपलेल्यांतही नव्हता.

मग पलटणीची रोजनिशी. पेन्सिल, ओला हात:
रात्रभर पाऊस. स्ट्रेचर अपुरे.
थर्लवेलने हेसलडनला पाठीवर आणले. तीनदा पडला.

बस्स. कोळशाच्या गोणी मोजाव्यात तसं.

त्या 'तीनदा पडला'पाशी मी बसून राहिलो,
वाचनालय बंद व्हायची घंटा होईपर्यंत.
तीनदा पडला म्हणजे तीनदा उठला.
तेवढं लिहिणाऱ्यानं
वाचणाऱ्यावर सोडलं होतं.

दोन वर्षांनी त्याची मुलगी सापडली.
एनिड, एकोणनव्वद. सीअहॅमचा वृद्धाश्रम,
खिडकीत करडा समुद्र,
मांडीवर अर्धवट विणलेलं काहीतरी.
खरं सांगतो, मी छाती फुगवून गेलो होतो.
रुमालात पदक. घरचं घरी.

तिनं हात पुढे केला नाही.
"ते मीच विकलं," ती म्हणाली,
"त्याला पुरलं त्याच्या दुसऱ्या दिवशी.
आठ शिलिंग आले. आईला लाल टोपी घेतली.
लाल त्याला चालत नसे."

मग कितीतरी वेळ फक्त हीटरचा आवाज.

दुसरं काही सुचेना म्हणून
रोजनिशीची नक्कल वाचून दाखवली.
"पाठीवर?" तिनं विचारलं. "केवढं अंतर?"
नकाशावर मोजलं होतं मी: सहाशे यार्ड.
"मला त्यानं कधी कडेवर घेतलं नाही.
दारापासून चुलीपर्यंतसुद्धा."
सुया पुन्हा चालू झाल्या. चार टाके. थांबल्या.
"तो दुसरा. जगला का?"
जगला. बेकरी टाकली. पाच मुलं.
"त्यांना मारायचा?"

माझ्याकडे एकवीस वह्या आहेत.
आकडा, हुद्दा, पलटण, जखम, पेन्शन,
थडग्याची रांग.
हा रकाना त्यांत नाही.
"माहीत नाही," मी म्हणालो.
"मग शोधा की," ती म्हणाली. "तुम्हाला येतं ना शोधता?"
आणि रुमालाची टोकं तिनंच दुमडली,
माझ्याकडे सरकवली,
जेवून झालेलं ताट सरकवावं तशी.

परतीच्या बसमध्ये मी प्रवासी.
ड्रायव्हर वळणं जरा लवकर घेत होता,
पण बोललो नाही.
खिशात अंगठा कडेवरून फिरत राहिला.
आकडा, हुद्दा, नाव, पुन्हा आकडा.
गोलाला शेवट नसतो, तेवढी एक अडचण.

हेसलडनच्या नातवाचा पत्ता मिळाला आहे.
टेबलावर शाई, पाकीट, तिकीट.
तारीख घालतो. "आपले आजोबा" इथपर्यंत येतो.
पुढचा शब्द कागदावर टिकत नाही.

आज चौथा कागद आहे.