तीन मिलिमीटर

उपासोचा टिपर भर दुपारी आला,
तिस्कचा चढ चढताना धापा टाकत.
"घाटात ओढत नाही रे," म्हणाला,
"अनमोडला मागच्या टँकरनं हॉर्न मारमारून जीव खाल्ला."
चौदा वर्षांची गाडी.
खाण चालू होती तेव्हा लाल,
बंद पडली तेव्हा चार पावसाळे पिसुर्ल्यात माडाखाली उभी.
आता चिरे, वाळू,
कधी कुणाचं घरसामान.

केबिन पुढे कलंडली.
इंजिनाच्या कुशीत एक नळी असते,
करंगळीहून जाड, मनगटाहून बारीक.
तिचं काम एवढंच:
जे बाहेर टाकलं
त्यातलं थोडं त्याचं त्यालाच परत प्यायला लावायचं.
इंजिनाला ते आवडत नाही.
कुणाला आवडेल?

खोलली तर आत काळा शिरा,
करपलेल्या काकवीसारखा,
स्क्रूड्रायव्हरला चिकटून बाहेर येणारा.
"साफ करून देतो," मी म्हणालो, "दोन दिवस ठेव."
उपासोनं माझ्याकडे पाहिलं नाही,
रस्त्याकडे पाहिलं.
"बंदच कर."

मेस्त मिंगेल बार्जीच्या इंजिनांवर शिकलेला.
त्यानं मला शिकवलं:
मोजपट्टी नको, पुठ्ठा घे,
तोंडावर ठेव, ग्रीसच्या अंगठ्यानं दाब,
लोखंड आपली सही आपण करतं.
मी काजूच्या खोक्याचा पुठ्ठा दाबला.
सही उमटली. दोन भोकं आणि मध्ये एक गोल,
तोंड उघडून झोपलेल्या माणसासारखी.

पत्रा शोधला.
भंगारातून किलोवर आणलेला खाणीच्या फाटकाचा फलक होता,
पिवळ्या अक्षरांत 'सावकाश'.
हॅकसॉ लावला आणि शेवटचा श कापून घेतला.
उरलं 'सावका'.
उपासो हसला, चहा सांडेपर्यंत हसला:
"र मी भरतो, दर महिन्याच्या सात तारखेला."

तीन मिलिमीटर जाड.
कानस मारली, भोकं पाडली,
श नळीच्या तोंडावर उलटा बसवला, बोल्ट आवळले.
आता ते अक्षर कुणाला दिसणार नाही,
आतल्या आत तापून पिवळा रंग जाईल,
मग आकारही.

चावी फिरली.
आवाज मोकळा झाला, खरंच झाला,
सर्दी सुटलेल्या माणसासारखा.
मला आनंद झाला, हे लपवण्यात अर्थ नाही.
हाताला कळतं इंजिन कधी सुखात आहे ते.
मग त्यानं रेस दिली
आणि मागचं फणसाचं झाड
क्षणभर दिसेनासं झालं.

काढलेला वॉल्व्ह फळीवर ठेवला,
दुधाच्या पावडरीच्या डब्यात, गाडीचा नंबर लिहून.
असे एकोणीस डबे आहेत.
पासिंगला लागला तर असू दे, मालक सांगून जातात.
पासिंग होतं.
डबा न्यायला कुणी येत नाही.

सांजेला पियेदाद आली.
वळणावरचा चिऱ्यांचा खुरीस तिच्याकडे आहे,
आईकडे होता, तिच्याआधी आजीकडे.
शनिवारी ती तो पुसते, मेणबत्ती लावते,
मेच्या फेस्ताला चुना मारते.
"चिंधी असली तर दी रे. कालच पुसला, आज परत काळो.
पूर्वी लाल धूळ यायची. ती झटकली की जायची.
ही जात नाही."

मी म्हणालो, रॉकेल लाव थोडं.
म्हणाली, "खुरसाक? रॉकेल?"
आणि अशी बघत राहिली
की मी आत गेलो.

पोत्यात हात घातला.
वरच्या सगळ्या चिंध्या आजच्याच, उपासोच्या.
खाली, अगदी तळाला,
माझा एक जुना पांढरा शर्ट होता, न फाडलेला.
तो दिला.

"इतका बरा शर्ट?" ती म्हणाली.
मी बाह्या फाडून दिल्या,
म्हणजे तिला तो चिंधी वाटेल.