शनिवारी, साडेदहा ते बारा

दर शनिवारी सकाळी फोर्ट लॉडरडेलच्या धक्क्यावर
तीन हजार माणसं चाकांच्या बॅगा ओढत उतरतात.
मी उतरत नाही.
सातव्या डेकवर कॉफी घेऊन त्यांचं जाणं बघते.
उन्हानं सोललेल्या माना, गवती टोप्या,
एखादं पोर हमखास भोकाड पसरतं,
त्याला इथंच राहायचं असतं.
मीही तेच म्हटलं होतं, बाळा,
फक्त एकाहत्तराव्या वर्षी.

एकतीस वर्षं शाळेची बस चालवली,
सॅस्कटूनच्या उत्तरेला, उणे चाळिसात.
इंजिन गोठू नये म्हणून रात्रभर विजेला जोडून ठेवायचं,
पहाटे आरशावरचा बर्फ नखानं खरवडायचा.
पोरं चढायची, उतरायची, दाढ्या फुटून बाप व्हायची,
मी त्याच वळणावर.
आता दुसरंच कुणी चालवतं
आणि मी मागे बसते.
एवढंच सुख आहे हे. समजावून सांगता येत नाही.

हिशोब लेकीनंच मांडला होता, कॅल्गरीत, जेवणाच्या टेबलावर :
वृद्धाश्रमातली खोली इतक्याला,
बिनखिडकीची केबिन त्याहून स्वस्त, वर तीन वेळचं ताट.
हिशोब बरोबर आला
तेव्हापासून ती रुसून आहे.
"पण आई, तू नक्की असतेस कुठे?"
टपाल रिजायनातल्या भाड्याच्या पेटीत पडतं, म्हटलं,
तिथं असते म्हण.

घर फिरलं की वासेही फिरतात, म्हणे.
माझं घरच फिरतं,
वासे मात्र जागच्या जागी :
एक पलंग, सहा हँगर,
जमिनीला बोल्टनं आवळलेली खुर्ची.

रोडेलियो खोली आवरतो. इलोकोसकडचा.
टॉवेलचा हत्ती करून ठेवायचा, कधी माकड.
पहिल्या वर्षी मी प्रत्येकाचा फोटो काढला.
चौथ्या वर्षी म्हटलं, राहू दे रे.
"नियम आहे, मिस स्टेफी." मग दाराकडे बघून, हळूच,
"नुसती घडी घालू?"
त्या दिवशी मी इथली झाले.

साडेदहा ते बारा जहाज रिकामं.
जुगाराची यंत्रं कुणासाठी न कळून लुकलुकत राहतात.
गालिच्यावर व्हॅक्यूमचे पट्टे, नांगरल्या रानासारखे,
मी चपला हातात घेऊन कडेकडेनं चालते.
तरणतलाव आठवड्यात पहिल्यांदाच सपाट.
भटारखान्यातून हसू ऐकू येतं, मोठ्ठं,
स्वतःच्या भाषेतलं,
जे आठवडाभर कुणी आम्हाला वाढलेलं नसतं.

मागच्या हिवाळ्यात ट्रेलॉर गेले, कॉर्नवॉलचे दंतवैद्य,
सहा वर्षं जहाजावर. अरुबा सोडल्यावर, दुपारी, झोपेतच.
खाली शून्य डेकवर चार माणसांपुरती थंड खोली आहे,
माहितीपत्रकात तिचं चित्र नसतं.
रविवारी एका नव्या माणसानं खुर्चीवर हात ठेवून विचारलं,
"इथं कुणी बसतं का?"
मी म्हटलं, नाही. बसा.

रोडेलियो मार्चात जातो, कायमचा.
फोनवर घर दाखवलं त्यानं. भिंती झाल्यात, छप्पर बाकी,
एक खिडकीची चौकट.
समुद्राकडे का रे?
"नाही मिस. भाताकडे."
मग बराच वेळ माझ्या उशीचा अभ्रा नीट करत राहिला.
मला उगाच आमच्याकडचा गहू आठवला,
वाऱ्यानं एकाच बाजूला झोपलेला.
पोरं म्हणायची, लाटा बघा, लाटा,
आणि मी म्हणायची, बसा खाली, पट्टे लावा.

बारा वाजता दारं उघडतात.
लिफ्टमध्ये एक बाई, कोरी टोपी, किमतीची चिठ्ठी तशीच,
"पहिल्यांदाच?"
हो, म्हणते मी.

चारला भोंगा होतो. सगळ्यांनी जीवरक्षक जाकीट बांधायचं.
आज दोनशे आठवी वेळ.
अजून डावा बंद
उजव्या बकलात जातो.